फुकटची दुर्बीण

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी विचारलंत, की चिकूच्या झाडाला डब्यांच्या शेजारी ती काळी नळी कसली टांगली आहे. फोनच्या कॅमेऱ्यात ती तुम्हाला वटवाघळासारखी दिसली. ती दुर्बीण आहे. बंदुकीवर बसवतात ती. ती तिथे का लटकते आहे हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, कारण तुमचे बाबा मागे उभे होते आणि या गोष्टीत तेही आहेत. म्हणून लिहून काढते आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, सुडाच्या गोष्टी वाचल्या त्या सगळ्या इंग्रजीत. माझा स्वतःचा सूड मात्र मराठीत झाला, तेव्हा तो मराठीतच वाचा. अडलं तर आईला विचारा. बाबांना नको.

आधी डब्यांचं सांगते. आपली वाडी चिंचणीहून वाणगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. चिकू पाडाला आला की पोपट येतात. पोपट एक फळ पुरतं खात नाही. चोच मारतो, टाकतो, दुसऱ्यावर जातो. कुणी जाळी लावतं, कुणी फटाके वाजवतं. तुमच्या आजोबांनी वेगळी रीत काढली होती. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे त्यांनी उंच झाडांच्या शेंड्यांत टांगले, आणि ओट्यावर बसून छर्‍याच्या बंदुकीने ते डब्यावर नेम धरायचे. ऐन फांद्यांत ठण्ण आवाज झाला की थवाच्या थवा उठतो आणि शेजारच्या वाडीत जातो. शेजाऱ्यांनी त्याबद्दल आम्हाला कधी माफ केलं नाही. पाखरू मारायचं नाही हा मात्र आपल्याकडे नियम आहे. डब्याच्या आजूबाजूला पोपट बसलेले असतात, म्हणून छर्रा डब्यावरच लागला पाहिजे.

आजोबा गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. कॉलेजात असताना मी छात्रसेनेत होते आणि तिथे मुलींमध्ये माझा नेम चांगला समजला जायचा, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला कधी सांगितलं नसणार. डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या चिंचणीच्या कोळणी सकाळी डबा वाजला की म्हणायच्या, आजी उठल्या. या वयात बाईची एवढी ओळख असली तर पुष्कळ झालं.

गेल्या पावसाळ्यात जुन्या बंदुकीची स्प्रिंग मऊ पडली. छर्रा डब्यापर्यंत पोचेना. तेव्हा माझे धाकटे दीर, म्हणजे तुमचे पालघरचे आजोबा, मला गाडीत घालून बोईसरला घेऊन गेले. स्टेशनच्या रस्त्यावर एक दुकान आहे. पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, टॉर्च, कॅमेरे आणि मागच्या भिंतीवर छर्‍याच्या बंदुका. दुकानदार चाळिशीचा, नीट भांग पाडलेला. त्याने मला खुर्ची दिली नाही, मॅडम म्हटलं आणि सरळ बंदुकीबद्दल बोलायला लागला. मला ते आवडलं.

त्याने एक लांबट खोका काढला. खोक्यावर पहाड, हरिण आणि परदेशी माणूस. आत हलक्या भावाची बंदूक आणि तिच्यासोबत फुकट दुर्बीण. दीर लगेच हरखले. फुकट या शब्दापुढे ते नेहमीच असे होतात. मी म्हटलं, मला दुर्बीण नको, नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच एका रेषेत आणून मी आयुष्यभर नेम धरला आहे. दुकानदार हसला. म्हणाला, मॅडम, आता माशी कोण बघतं, एकदा यातून बघाच. त्याने दुर्बीण बंदुकीवर चढवून दिली, दोन स्क्रू आवळले आणि मला दारातून समोरच्या केमिस्टची पाटी दाखवली. पाटी मोठी दिसली. मधोमध काळी फुली. दीर म्हणाले, वहिनी, आता पोपटाची मिशीसुद्धा दिसेल. पोपटाला मिशी नसते, असं मी म्हटलं, पण खोका गाडीत गेला होता.

खंडेनवमीला दीर पूजेला आले. दरवर्षी येतात. कोयते, कुदळी, चिकू उतरवायच्या जाळीच्या काठ्या, पंप आणि बंदूक, सगळं ओट्यावर मांडायचं आणि पूजायचं. दिरांनी फुलाने पाणी शिंपडलं, झेंडूची माळ बंदुकीला गुंडाळली, आणि हळद-कुंकवाचं बोट नेमकं दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर लावलं, मधोमध, देवाच्या कपाळी लावावं तसं. सोबतच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की काचेला बोट लावू नये. ते मी पूजा चालू असताना वाचून दाखवलं नाही. ते निघून गेल्यावर मऊ फडक्याने काच पुसली. कडेला थोडं कुंकू राहिलं. तेवढं कुंकू मला पुढे महागात पडलं.

पहिले काही दिवस डबा वाजला. मग कधी वाजे, कधी नाही. छर्रा एकदा वरून जाई, एकदा डावीकडून. मी दुर्बिणीच्या बाजूचे, फुली सरकवायचे खटके कागदात सांगितल्याप्रमाणे फिरवले. काही फरक पडेना, आणि मग एकदम दुसऱ्याच बाजूला फरक पडे. एका सकाळी मी बरोबर डब्यावर फुली धरली, श्वास सोडला, चाप ओढला, आणि पंपघराच्या खिडकीची काच फुटली. पंपघर डब्याच्या चांगलं डाव्या अंगाला आहे. चिकू उतरवणाऱ्या बायका, नेहमीच्या शिस्तीप्रमाणे, मी बंदूक उचलली की माझ्या पाठीमागे येऊन बसतात, म्हणून कुणाला काही झालं नाही. त्यांची मुकादम जव्हारकडची, हंगामाला येते, तोंडाने फटकळ. ती मागून शांतपणे म्हणाली, "आजी, डबा तिकडं हाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. 

त्याच आठवड्यात मी आणि दीर पुन्हा बोईसरला गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. सालवडचे दोन कामगार टॉर्च बघत होते, एक वाडीवाला फवारणीच्या नळीसाठी आला होता. मी दुर्बीण काउंटरवर ठेवली आणि काय होतं ते क्रमाने सांगितलं. दुकानदाराने ती उलटसुलट फिरवली, काचेच्या कडेवर नख घासलं आणि म्हणाला, "आजी, पूजा केली होती ना हिची?"

घेताना मॅडम, परत आणताना आजी. हे मी तिथल्या तिथे मनात नोंदवलं.

तो म्हणाला, पाणी आत गेलं, कुंकू आत गेलं, आता कंपनी काही करणार नाही. मी त्याच्या डोक्यामागे बोट दाखवलं. गल्ल्याच्या वर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी तशीच बंदूक, तशीच दुर्बीण, वाळलेला झेंडू आणि काचेवर चांगलं ठसठशीत कुंकू. त्याने मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, ते आमचं वेगळं आहे. मग काउंटरवरून थोडा पुढे वाकला, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा हळू आवाजात बोलला.

"आजी, दुर्बीण फक्त दाखवते. मारतो तो हात. वय बघा तुमचं. हात थरथरतो, त्याला दुर्बीण काय करणार?" आणि दिरांना, "साहेब, बंदूक काढून घ्या त्यांच्याकडनं. आज काच फुटली. उद्या कुणाचा डोळा गेला तर पोलीस तुमच्या दारात."

वाडीवाला हसला. टॉर्च बघणाऱ्यांपैकी एकाने, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाला, "बैठो, माँजी." मी बसले नाही. आणि मुलांनो, नीट लक्ष देऊन वाचा, त्या क्षणी माझे हात खरोखर थरथरत होते. रागाने. मी ते पदराखाली घेतले, पण दिरांनी पाहिलं होतं.

 वाडीवर परत आल्यावर दिरांनी छर्‍यांची डबी उचलून आपल्या खिशात घातली, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. मग तुमच्या बाबांना मेलबर्नला फोन गेला. मला तो नंतर कळला. चार दिवसांनी बाबांचा मला फोन आला आणि त्यांच्या आवाजात ती माया होती, जी माणसं निर्णय घेऊन झाल्यावर आणतात. आई, तू खूप केलंस. वाडी ठेक्याने देऊ. डहाणूचा एक ठेकेदार तयार आहे, संक्रांत झाली की येऊन बोलणी करील. तू पालघरला फ्लॅटमध्ये राहा, लिफ्ट आहे, काका खालच्या मजल्यावर, डॉक्टर समोर.

मी सांगितलं की माझा नेम चुकलेला नाही, दुर्बीण खराब आहे.  बाबा म्हणाले, हो आई, असेल. हे "असेल" मी आजवर विसरलेले नाही.

बोईसरला जाऊन डोळे तपासून आले. चष्मा होता तोच नंबर. हातही त्या डॉक्टरांनी पुढे करायला लावून पाहिले, काही नाही म्हणाले. दिरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, डॉक्टर काय, पेशंटला बरं वाटेल तेच सांगतात.

म्हणजे माझ्या शब्दाला किंमत नाही, डॉक्टरच्याही नाही, आणि बोईसरच्या पंपवाल्याच्या एका वाक्याला आहे. त्या वाक्यावर माझं घर जाणार होतं. मी स्वभावाने क्षमाशील नाही. लोकांना तसं वाटतं, कारण मी आवाज चढवत नाही.

मी काम पद्धतशीर सुरू केलं. आजोबांच्या अवजारांच्या खोलीत त्यांच्या लाकडी टेबलाला तो मोठा लोखंडी शिकंजा आहे, तुम्ही लहानपणी त्यात अक्रोड फोडायचात. त्याच्या जबड्यात जुन्या सतरंजीचे तुकडे घालून मी बंदूक आवळली. आता ती हलणं शक्य नव्हतं. खिडकीतून समोर पंपघराची पांढरी भिंत दिसते. तिच्यावर कोळशाने एक ठिपका काढला आणि फुली त्या ठिपक्यावर येईल अशी बंदूक बसवली. मग हात मागे घेतले आणि नुसता डोळा लावला. फुली ठिपक्यावर होती. डोकं जरासं डावीकडे नेलं. फुली ठिपक्यावरून उतरली आणि भिंतीवरून चालू लागली. डोकं उजवीकडे नेलं, ती परत आली आणि पलीकडे गेली. बंदूक शिकंज्यात, हात पाठीमागे, आणि फुली फिरायला निघालेली.

मी टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ बसून राहिले. इतका आनंद मला खूप दिवसांत झाला नव्हता.

पुढे नळीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली. फुली नव्या ठिकाणी जाऊन बसली. पुन्हा टिचकी, पुन्हा नवं ठिकाण. वरचा खटका फिरवत राहिले, फुली ढिम्म, आणि मग अचानक बेडकासारखी उडी. इंटरनेटवर शोधलं तर जगभरच्या लोकांनी हेच रडगाणं लिहून ठेवलं होतं. स्प्रिंगची बंदूक उडते तेव्हा आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. मोठ्या बंदुकीच्या धक्क्याला टिकणारी दुर्बीणसुद्धा या दुहेरी हिसक्याने खिळखिळी होते, मग फुकटच्या दुर्बिणीचं काय. आतली बारीक नळी एका हलक्या स्प्रिंगवर टेकलेली असते, ती सैल पडते. काच अशी घासलेली की जवळच्या निशाणावर डोळा इकडचा तिकडे झाला तरी फुली हलते. खोक्यात दुर्बीण घालतात ती खोका विकण्यासाठी. पूजेच्या पाण्याचा आणि कुंकवाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

मग मी दुर्बीण उतरवली. दिरांनी एक डबी नेली होती, पण आजोबांच्या खणात दुसरी होती. त्या घरात काय कुठे असतं हे दिरांना कधीच माहीत नव्हतं. ओट्यावर बसून माशी आणि खाच एका रेषेत आणली. डबा वाजला. पुन्हा वाजला. झाडाला जुनं कॅलेंडर लावून त्याच्या पाठीवर मारत गेले. जाऊन पाहिलं तर सगळी भोकं एका वाटीखाली झाकली जातील एवढ्यात होती.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच काकाआजोबांना बोलावून दाखवायचं. मीही तसा विचार केला. पण दीर म्हणाले असते, बरं वहिनी, असेल, आणि तो "असेल" मला दुसऱ्यांदा नको होता. शिवाय तो माणूस बोईसरला गल्ल्यावर बसून तेच खोके विकत राहिला असता आणि नेम चुकला की कुणाला आजी, कुणाला आजोबा म्हणत राहिला असता. मला नुसतं सुटायचं नव्हतं. त्याने माझ्या हाताची लाज चार लोकांत काढली होती. त्याचं उत्तर चाळीस लोकांत द्यायचं होतं. मी दुर्बीण पुन्हा चढवली, बंदूक शिकंज्यात ठेवली, वर चादर टाकली आणि संक्रांतीची वाट पाहत बसले.

तुमचे आजोबा गेल्यापासून मी हळदीकुंकू करत नाही, पण तिळगुळाला बोलावते, आणि बायका येतात. यंदा लांबवर बोलावणी केली. चिंचणीच्या कोळणी, वाणगावपर्यंतच्या वाड्यांतल्या सुना आणि सासवा, आपल्या चिकू उतरवणाऱ्या. आणि बोईसरच्या दुकानदाराची आई. आमची तोंडओळख होती, देवळातल्या भजनाची. तिला मी स्वतः फोन केला. ती खूश झाली. मुलगा गाडीतून सोडील म्हणाली. मी म्हटलं, अवश्य.

वाणाला चिकूचे सुकवलेले काप ठेवले होते. तिळगूळ दिला की प्रत्येकीला सांगत होते, जाताना आजोबांच्या खोलीत एक गंमत ठेवली आहे ती बघून जा. गंमत बघायला एकच अट. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. पंपघराच्या भिंतीवर कोळशाच्या ठिपक्याच्या जागी मी त्या सकाळी वाटीएवढा कुंकवाचा टिळा लावला होता. कुंकवावर आळ आला होता, तेव्हा कुंकवानेच साक्ष द्यावी.

पहिली गेली ती चिंचणीची कोळीण. तिच्याकडे बोंबील वाळत घालतात तिथे कावळ्यांना हुसकायला अशीच बंदूक आहे. तिने हात मागे घेतले, डोळा लावला, मान हलवली आणि ओरडलीच. फुली चालली म्हणाली. मागच्या बायका पुढे सरकल्या. एकीमागून एक बघू लागल्या. मग बोलणं सुटलं. एकीने सांगितलं, त्यांच्याकडे तोच खोका आहे आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, कारण दुर्बीण कुणी वाकवली यावरून भांडण झालं. वाणगावच्या एका सुनेने कपाळाला हात लावला. "काकू, आमच्या सासऱ्यांचा नेम चुकायला लागला म्हणून आम्ही त्यांचा मोतीबिंदू काढून आणला हो." दुकानदारानेच सुचवलं होतं, डोळे दाखवा म्हणून. ऑपरेशननंतरही नेम चुकतच राहिला. म्हातारे आता बंदुकीला हात लावत नाहीत, घरात कुणाशी धड बोलतही नाहीत.

मुकादम दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बंदूक शिकंज्यात, हात पाठीला. मंग थरथरतं कोन?"

दुकानदाराची आई मागे बसली होती. ती उठली. माझ्याच वयाची, हातात हिरव्या काठाचा रुमाल. सगळ्यांनी वाट करून दिली. तिने रुमाल कमरेला खोचला, हात मागे घेतले आणि डोळा लावला. बराच वेळ बघत होती. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. 

वर न बघताच ती म्हणाली, "माझे हात तर मागं आहेत."

"हो," मी म्हटलं.

"तो घरी सांगत होता. चिंचणीकडच्या वाडीत एक म्हातारी आहे, नेम चुकतो आणि खापर दुकानावर फोडते."

"ती मी."

ती सरळ उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते तिच्यासमोर पसरून धरले, वर तिळगुळाची वाटी. तिने एक लाडू घेतला, मला वाकून नमस्कार करायला लागली, मी तिला करू दिला नाही. आम्ही एका वयाच्या, आणि भांडण तिच्याशी नव्हतं. ती बाहेर गाडीत जाऊन बसली. मुलगा फोनवर होता. तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. काच वर होती.

बायकांना जाताना मी एकच गोष्ट शिकवली. दुकानात गेलात की भांडू नका, आवाज चढवू नका. दुकानात पंप दुरुस्तीचा शिकंजा आहे, मी पाहिलेला आहे. फक्त म्हणा, यात आवळा, आणि हात मागे घेऊन तुम्ही स्वतः बघा.

पुढच्या आठवड्यात दिरांचा फोन आला. आवाज गोंधळलेला. बोईसरला गेले होते, दुकानासमोर गर्दी दिसली म्हणून थांबले. वाड्यांतल्या बायका जुन्या साड्यांत गुंडाळून बंदुका घेऊन आल्या होत्या. कुणी भांडत नव्हतं, आणि तेच फार भयंकर वाटत होतं, असं दीर म्हणाले. एक संपली की दुसरी, आणि प्रत्येकजणी दुकानदाराला शिकंज्याकडे नेत होती. सालवडचे कामगार रस्त्यावर उभे राहून बघत होते. त्याला पाठीमागे हात बांधून वाकलेलं पाहिलं, म्हणाले. दुर्बिणीतून बघून तो एकदम लाल झाला. मग दिरांनी हळूच विचारलं, "वहिनी, हे तुम्ही केलंत का?"

मी म्हटलं, "मी? माझा तर हात थरथरतो."

दोन दिवसांनी दीर दुकानदाराला घेऊनच आले. त्याच्या हातात नवीन खोका होता, वर परदेशी अक्षरं, चांगली भारी दुर्बीण. ओट्याच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, मॅडम, ही घ्या, आमच्याकडून. मी आत गेले आणि माझी वेताची खुर्ची उचलून बाहेर आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. बसा, म्हटलं, उभं राहवत नसेल तुम्हाला. तो बसला. का दिली ते त्याला कळलं की नाही कोण जाणे. मला कळलं होतं, तेवढं पुरे.

खोका मी उघडला नाही. म्हटलं, मला एकच हवं. जे तुम्ही माझ्या दिरांना दुकानात सांगितलंत, ते माझ्या मुलाला मेलबर्नला कळवलं गेलं. आता जे खरं आहे ते तुम्हीच त्याला सांगा, माझ्यासमोर. दिरांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तुम्ही दोघं तेव्हा शाळेत होतात. दुकानदार आधी हिंदीत सुरू झाला, मग इंग्रजीत, कंपनीचा लॉट खराब वगैरे. मी म्हटलं, मराठीत.

"साहेब, आईंचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "दुर्बीण खराब होती. मला माहीत होतं. सगळ्या तशाच येतात."

"मला माहीत होतं" हे मी मागितलं नव्हतं. ते त्याने आपणहून दिलं.  तुमचे बाबा पलीकडून सॉरी आई म्हणाले. मी म्हटलं, ठेकेदाराला कोण कळवणार? दीर म्हणाले, मी कळवतो, आणि तिथेच ओट्यावर उभे राहून त्यांनी डहाणूला फोन केला आणि वाडी द्यायची नाही असं सांगितलं. खिशातून छर्‍यांची डबीही काढून ठेवली. इतके दिवस ती खिशातच होती की मुद्दाम आणली होती, मी विचारलं नाही.

निघताना दुकानदार घुटमळला. म्हणाला, मॅडम, बायकांना एवढं सांगा ना, की आता मिटलं. मी आतून तिळगूळ आणला, रथसप्तमीपर्यंत देतात, आणि त्याच्या हातावर ठेवला. तिळगूळ घ्या, म्हटलं. पुढचं गोड बोला म्हणायचं असतं, ते मी म्हटलं नाही. तो क्षणभर त्याची वाट पाहत उभा राहिला. मग चप्पल घातली.

बायकांना मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. वाणगावच्या त्या म्हाताऱ्यांना मात्र निरोप पाठवून बोलावलं, त्यांच्या बंदुकीवरची दुर्बीण उतरवली आणि ओट्यावर बसवलं. पहिल्या छर्‍याला त्यांनी माझा डबा वाजवला. सून रडायला लागली, म्हातारे तिला म्हणाले, "आता डोळा परत बसवून आण माझा." महिन्याभरात घरच्यांशी बोललेलं ते त्यांचं पहिलं लांब वाक्य, असं सून सांगत होती.

भारी दुर्बिणीचा खोका दिरांबरोबर बोईसरला परत गेला. फुकटची मी ठेवून घेतली. तिच्या नळीला तार बांधली आणि मुकादमने ती पोपटांच्या आवडत्या झाडावर, पंपघराच्या बाजूला टांगली. डब्यापेक्षा ती पुष्कळ बारीक आहे, वाऱ्याने फिरते, म्हणून नेम धरायला मजा येते. छर्रा लागला की टिंग असा लहान, चिडका आवाज होतो. पोपटांना तो डब्यापेक्षा जास्त लागतो. मागची काच गेली आहे, पुढची, कुंकवाची, अजून शाबूत आहे. तिची घाई नाही.

येत्या रविवारी फोन कराल तेव्हा सकाळचा करा, आणि बाबांना बोलवा. मी बंदूक घेऊन ओट्यावर बसेन, फोन पालघरच्या आजोबांच्या हातात देईन. तिकडे तुमचा फोन बाबांनी धरायचा आणि शेवटपर्यंत बघायचं. त्यांना सांगा, हात हलू द्यायचा नाही.